नऊ दिवसांचे निळे चौकोन

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. यजमानांना नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे रोज दोन मिनिटं उभी राहते, तिथेही नाही — तिथे अमकीची परीक्षा, तमक्याचं पोट, एवढं बोलून मी कामाला लागते. दहा वर्षं झाली. आज लिहायला बसले तर सकाळपासून तीनदा उठले आहे.

मराठीत लिहिते आहे, त्यालाही कारण आहे. माझा जन्म मद्रासचा. वडील रेल्वेच्या कचेरीत, घर एग्मोरला, शिक्षण सगळं तमिळमधून. मराठी घरातली आणि पोस्टाने येणाऱ्या मासिकांतली. लग्न होऊन मद्रासजवळच्या आवडी गावाला आले — हे इथल्या कारखान्यात हेडक्लार्क, म्हणून सरकारी क्वार्टर. जिच्याबद्दल लिहायचं आहे तिला मराठी वाचता येत नाही. आमच्या ओळीतल्या शेजाऱ्यांपैकी कुणालाच येत नाही. तेव्हा मी हे लिहिते आहे म्हणून मला धीट समजू नका.

सरळ सांगता येईल का? बघते.

मी याद्या करणारी बाई आहे. वाण्याची यादी, धुण्याची यादी, शाळेच्या कामांची यादी. एक लांबट वही असते, तिच्यात रोजची कामं ओळीने लिहायची आणि झालं की लाल पेन्सिलीने खूण करायची. शाळेत माझं नाव आहे ते यासाठीच. कुठला खडू किती उरला, कुणाचं नाव कापायचं, कुणाला गोवर आलाय — माझ्या वहीत सापडेल. पण एक खोड मला पहिल्यापासून आहे. उद्या जे काम नक्की करणारच, त्याच्यापुढे मी आजच खूण करून टाकते. खूण केली की मनाला वाटतं, झालं. तुम्हाला ही खोड फार लहान वाटेल. मलाही वाटायची.

मी क्वार्टर्समागच्या प्राथमिक शाळेत पाचवीला शिकवायचे. त्या वर्षी गणितात आलेख नव्याने आला होता. बाकीच्या शिक्षकांनी कपाळाला आठ्या घातल्या. आमच्या हेडमिस्ट्रेस रुक्मिणीबाई तंजावरकडच्या मराठी. माझ्याशी मराठीत बोलायच्या, पण ते मराठी आमच्या पणजीच्या काळातलं, तमिळच्या हेलातलं. त्या मला म्हणाल्या, “अम्मा, हें काम तुम्ही घ्या वो. त्या रेघा पाहिल्या कीं मला ताप येतो.” मी घेतलं. मला काम कुणी दिलं की बरं वाटतं.

पाचवीच्या मुलांना आलेख कसा शिकवायचा? फळ्यावर रेघा मारून काही होत नाही. मी रिकाम्या काड्यापेट्या जमवल्या. जमिनीवर बारा महिन्यांची नावं खडूने लिहिली आणि मुलांना सांगितलं, ज्याने त्याने आपल्या जन्माच्या महिन्यावर एक पेटी ठेवायची, एकावर एक. बाकीच्या महिन्यांवर एक-दोन, फार तर तीन पेट्या. जूनचा मनोरा मात्र चढत चढत गेला आणि कोसळला. पोरं हसून लोळली. मी विचारलं, “काय दिसतं यावरून?” एक मुलगा म्हणाला, “जूनमध्ये खूप मुलं जन्मतात, टीचर.” मी मान डोलावणार, एवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. म्हणाली, “जन्मत नाहीत, टीचर. जूनमध्ये शाळेत नाव घालतात. ज्यांच्या घरी तारीख ठाऊक नाही त्यांची क्लार्क सार जूनचीच लिहितात. माझीपण तशीच लिहिली.”

ती वळ्ळी. तिचे वडील, एळुमलै, कारखान्यात भट्टीवर मजूर होते, आई नव्हती. शाळेच्या विहिरीमागे झोपड्यांची रांग होती, त्यातली शेवटची त्यांची. दहा वर्षांची पोर, केसांना तेल भरपूर, आवाज जाड. मनोऱ्याकडे बघून सगळ्यांना उंची दिसली. हिला उंची कशामुळे आली ते दिसलं. वीस वर्षं मी शिकवते आहे, असं मूल मला पुन्हा मिळालं नाही. हे मी आत्ता तिची स्तुती करायला लिहीत नाही. मला ते तेव्हाच कळलं होतं, हे तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिते आहे.

मग आम्ही विहीर घेतली. एका दोराला वीत-वीतभर अंतरावर गाठी मारल्या, टोकाला लोखंडाचा तुकडा बांधला. रोज सकाळी आठला दोन मुलांनी दोर तळापर्यंत सोडायचा, वर ओढायचा आणि ओल्या झालेल्या गाठी मोजायच्या. तेरा गाठी ओल्या — तर भिंतीवरच्या मोठ्या कागदावर त्या दिवसाच्या रकान्यात तेरा चौकोन निळे करायचे. मुलं वेडी झाली त्या खेळाने. सकाळी साडेसातलाच हजर. मी तीन प्रश्न फळ्यावर कायमचे लिहून ठेवले होते: किती? कधी? का? आणि एक नियम सांगितला होता, चांगला दटावून — ज्या दिवशी मोजलं नाही, त्या दिवसाचा रकाना रिकामा सोडायचा. अंदाजाने रंगवायचा नाही. “रिकामा रकाना म्हणजे लाज नाही,” असंही म्हणाले होते.

नवरात्राची सुट्टी आली. नऊ दिवस. मुलांना वाईट वाटायला लागलं, सलग आलेख मध्येच तुटणार. मी म्हटलं, माझं क्वार्टर समोरच आहे, मी मोजेन. वहीत नऊ दिवसांची यादी केली: कोलूच्या, म्हणजे नवरात्रातल्या बाहुल्यांच्या, पायऱ्या मांडणे, बाहुल्या पुसणे, प्रसादाच्या सुंडलासाठी चणे भिजवणे, कुणाकुणाला हळदीकुंकवाला बोलवायचं त्यांची नावं. आणि रोजच्या यादीत सगळ्यात वर — विहीर, सकाळी आठ.

एकाही दिवशी मी गेले नाही.

मोठं काही कारण सांगता आलं असतं तर मी सांगितलं असतं. नव्हतं. पहिल्या दिवशी पाहुणे लवकर आले. दुसऱ्या दिवशी चणे उतू गेले. आणि दर संध्याकाळी वही उघडून मी दुसऱ्या दिवसाच्या विहिरीपुढे लाल खूण करत होते, कारण उद्या तर जाणारच होते. नऊ खुणा झाल्या. विहीर घरापासून किती लांब असेल? शंभर पावलं.

आता यातलं जे जास्त वाईट आहे ते. चौथ्या दिवशी क्वार्टर्सचा पाण्याचा पंप बिघडला. तीन दिवस नळ कोरडे. सगळी वस्ती शाळेच्या विहिरीवर आली — बायका, हंडे, भांडणं, सगळं. माझ्या घरी पाणी आणून द्यायची वळ्ळी. सकाळी दोन खेपा. मी तिला सुंडलाचा द्रोण द्यायचे. आणि ती हंडा उतरवता उतरवता मला सांगायची — “टीचर, आज नऊच गाठी.” दुसऱ्या दिवशी, “टीचर, आठ. गढूळ झालंय.” ती आपली आपण मोजत होती. तिला वाटत होतं मीही मोजते आहे, म्हणून जुळतंय का बघायला सांगत होती. मी पदर खोचून बाहुल्यांच्या पायऱ्या नीट करत होते. मी म्हणाले, “हो का? तो हंडा तिकडे ठेव, सांडू नकोस.”

शाळा उघडली त्या सकाळी मुलांच्या आधी मी वर्गात गेले. सुट्टीआधीचा आकडा तेरा होता. त्या दिवशी दोर टाकून बघितला — सोळा. संध्याकाळच्या सरी त्या वर्षी लवकर सुरू झाल्या होत्या, पंप दुरुस्त झाला होता. मधले नऊ रकाने पांढरे. मी ब्रश घेतला आणि तेरा ते सोळा सावकाश चढवत नेलं. तेरा, तेरा, चौदा, चौदा, चौदा, पंधरा — छान जिन्यासारखं. दहा मिनिटं लागली. वळ्ळीला विचारलं असतं तर सगळे आकडे मिळाले असते की! पण विचारलं असतं तर, टीचर, तुम्ही मोजलं नाहीत का — हे आलं असतं. दहा वर्षांच्या पोरीपुढे मला ते नको होतं. रिकामे सोडले असते तरी चाललं असतं. नियम माझाच होता.

मुलं आली. जिना बघून टाळ्या वाजवल्या. वळ्ळी कागदापुढे बराच वेळ उभी होती. मग जागेवर जाऊन बसली. मला वाटलं, सुटले.

दोन आठवड्यांनी इन्स्पेक्टर आले. एग्मोरच्या शिक्षण कचेरीतले, हसतमुख गृहस्थ, मुलांशी गोड बोलणारे. भिंतीवरचा आलेख बघून ते थांबलेच. मुलांना विचारलं, पाणी का वाढलं? “पाऊस पडला, सार!” सगळा वर्ग ओरडला. रुक्मिणीबाईंचा चेहरा फुलला. आणि मागून तो जाड आवाज आला.

“मध्ये कमी झालं होतं, सार. तीन दिवस. पंप बिघडला होता, सगळे इथून पाणी नेत होते. आठ गाठींपर्यंत खाली गेलं होतं. मी लिहून ठेवलंय.”

तिच्या हातात वही होती — जुन्या वह्यांची उरलेली पानं शिवून केलेली. पानावर चौकोन होते, कोळशाने काळे केलेले. मी लांबूनच बघितलं: चढ, मग खोल खड्डा, मग पुन्हा चढ. तिने किती, कधी, का — तिन्ही लिहिलं होतं.

इन्स्पेक्टर माझ्याकडे वळले. “सुट्टीत कोणी मोजलं होतं?”

त्या क्षणी काय होतं माझ्या मनात, ते मी पुष्कळदा आठवून बघितलं आहे. काही नव्हतं. फक्त वाटलं, खोलीला दार नाही. पुढे इन्स्पेक्टर, बाजूला रुक्मिणीबाई, समोर चाळीस मुलं — आणि त्यातल्या निम्म्यांच्या घरी त्या तीन दिवसांत त्याच विहिरीचं पाणी गेलेलं. त्या सगळ्यांना ठाऊक होतं. ती सगळी माझ्याकडे बघत होती.

मी म्हणाले, “मी मोजलं, सार. रोज सकाळी आठला.” आणि टेबलावरची वही उघडून त्यांच्या हातात दिली. नऊ पानं, नऊ लाल खुणा.

त्यांनी पानं उलटली. म्हणाले, “अशी नोंद मी कुठल्याही शाळेत पाहिली नाही.” मग वळ्ळीकडे बघून हसले. “काय ग, स्वप्नात गेली होतीस का विहिरीवर?” वर्ग हसला. मोठ्याने नाही. इन्स्पेक्टर हसले म्हणून हसला. वळ्ळीला ते कळलं नाही असं नाही. तरी ती उभीच राहिली. म्हणाली, “टीचरच्या घरी मीच हंडे नेले, सार. मी टीचरना रोज आकडा सांगि—”

“खाली बस,” मी म्हणाले. “खोटं बोलायची सवय लागली आहे हिला, सार. आई नाही ना घरात.”

शेवटचं वाक्य मी बोलले. कुणी बोलायला लावलं नव्हतं.

ती बसली. त्यानंतर त्या वर्गाला मी वर्षभर आलेख शिकवले — तापमानाचे, हजेरीचे, बाजारातल्या भाज्यांचे — आणि कुणीही हात वर करून मला ‘का’ विचारलं नाही. मुलं आकडे बरोबर सांगायची, सुबक रंगवायची. माझ्या तोंडाकडे बघून उत्तर द्यायला शिकली होती ती.

एवढंच असतं तर कदाचित मी हे लिहिलं नसतं. वर्गात मास्तर-मास्तरणी मुलांना काहीबाही बोलतात, मुलं विसरतात — असं म्हणून झोपी गेले असते. पण जानेवारीत फॉर्म आला.

एग्मोरला मुलींचं एक हायस्कूल होतं, वसतिगृहासकट. दरवर्षी आसपासच्या प्राथमिक शाळांतून गरीब घरच्या दोन-तीन मुली तिथे फुकट घेत. राहणं, जेवण, पुस्तकं, शालान्त परीक्षेपर्यंत. आमच्या शाळेतून नाव पाठवायचं तर वळ्ळीशिवाय दुसरं नव्हतंच. रुक्मिणीबाईही तेच म्हणाल्या. फॉर्म इंग्रजीत. त्यात वर्गशिक्षिकेने मुलीच्या स्वभावाबद्दल चार ओळी लिहायच्या, खाली पालकाची सही, शेवटी इन्स्पेक्टरची शिफारस.

रुक्मिणीबाई फॉर्म माझ्यापुढे ठेवताना म्हणाल्या, “साहेबांस ती पोरगी चांगली ध्यानांत आहे, अम्मा. त्या दिवशींचें. तुम्ही काय लिहितां तें पाहून लिहा, नाहींतर विचारतील.”

विचारतील! तीन दिवस फॉर्म माझ्या पिशवीत होता. ती खरी आहे असं लिहिलं, तर त्या दिवशी खोटं कोण होतं? मी दोन्ही बाजूंनी विचार करून बघितला. तिच्या स्वभावाबद्दल काहीच न लिहिता फक्त बुद्धीबद्दल लिहावं का? पण फॉर्ममध्ये वेगळा रकाना होता — सचोटी. तो रिकामा सोडता येत नव्हता. खरं म्हणजे एक वाट होती. रुक्मिणीबाईंच्या खोलीत जायचं आणि सांगायचं, ते नऊ दिवस मी मोजले नव्हते. काय झालं असतं? नोकरी गेली नसती. चार दिवस लाज वाटली असती. एवढ्या लाजेपुढे त्या मुलीची सहा वर्षांची शाळा मी दुसऱ्या पारड्यात ठेवली आणि लाज जड भरली.

मी लिहिलं: मुलगी हुशार आहे. गणितात उत्तम. आणि सचोटीच्या रकान्यात एक शब्द — अनरिलायबल. भरवसा ठेवण्यासारखी नाही.

माझं अक्षर चांगलं आहे. तो शब्द फार सुबक आला.

रविवारी तिचे वडील अंगठा द्यायला घरी आले. शाळेच्या वेळात त्यांची पाळी असायची, म्हणून मीच बोलावलं होतं. धुतलेला सदरा, हातात शेवग्याच्या शेंगांची जुडी — त्यांच्या झोपडीशेजारच्या झाडाच्या. पायरीवरच उभे राहिले, कितीही म्हटलं तरी आत येईनात. मी फॉर्म पाटावर ठेवला, शाईची गादी पुढे केली. त्यांचा अंगठा भट्टीने इतका खरबरीत झाला होता की पहिल्यांदा ठसा उमटलाच नाही. मी त्यांचा अंगठा माझ्या हातात धरला आणि दाबला. माझ्या त्या शब्दाच्या खाली, दोन बोटं अंतरावर.

ते कागदाकडे बघत होते. त्यांना वाचता येत नव्हतं. म्हणाले, “चांगलं लिहिलंत ना, टीचरम्मा?”

मी म्हणाले, “हो.”

तेवढ्यावर त्यांनी मला वाकून नमस्कार केला. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा माणूस. शेंगा पायरीवर ठेवल्या. मी त्या दिवशी त्यांचं सांबार केलं आणि ह्यांना वाढलं. हे म्हणाले, आज शेंगा कोवळ्या आहेत.

वळ्ळीचं नाव आलं नाही. पाचवीनंतर तिची शाळा संपली. पुढल्या जूनमध्ये मी तिला झोपड्यांपाशी दोन-तीनदा बघितलं, मग ते कुटुंब कुठेतरी हललं.

आणि तो कागद? तो राहिला. इन्स्पेक्टरनी आलेखाची तारीफ वरपर्यंत केली. रुक्मिणीबाईंनी त्याला काच लावून घेतली आणि ऑफिसाबाहेर टांगला. दुसऱ्या वर्षी मला अड्यारला एका प्रशिक्षण वर्गात बोलावणं आलं — लहान मुलांना आलेख वाचायला कसं शिकवावं, यावर बोलायला. गेले. नाही म्हणायला काय कारण देणार होते? तेव्हापासून दर मे महिन्यात जाते. तीस-चाळीस शिक्षक समोर असतात. काड्यापेट्या, गाठींचा दोर, तीन प्रश्न — सगळं मी सांगते, आणि शेवटी काचेतला आलेख बाहेर काढते, कारण तो पाहायलाच ते आलेले असतात. सायक्लोस्टाइल केलेल्या टिपणांतही त्याचं चित्र आहे. कितीतरी शाळांतली मुलं त्या जिन्याकडे बघून सांगत असतील, पाऊस पडला, पाणी वाढलं. एकदा मी तो हरवला असं सांगायचं ठरवलं होतं. त्याच आठवड्यात रुक्मिणीबाईंनी, जवळ असावा म्हणून, त्याचा फोटोच काढून आणला.

एका वर्षी एका तरुण शिक्षिकेने विचारलं, “मॅडम, विहिरीचं पाणी इतकं सरळ चढतं का हो? मध्ये कुणी उपसत नाही का?” मी घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, चहाची वेळ झाली आहे.

यंदा यजमानांना टायफॉइड झाला. एग्मोरला इस्पितळात अकरा दिवस होतो. पहिल्याच सकाळी वॉर्डात फरशी पुसायला जी आया आली तिने मान वर करून म्हटलं, “टीचर, तुम्ही?” आवाजावरून ओळखलं. केसांना तसंच तेल. वीस-एकवीसची असेल. अकरा दिवस मी त्या खाटेशेजारून हलू शकत नव्हते आणि अकरा दिवस ती रोज येत होती. ह्यांना कूस बदलून द्यायची, गरम पाणी आणून द्यायची. खाटेच्या पायथ्याशी तापाचा तक्ता टांगलेला असतो. नर्सने रेघ ओढली की वळ्ळी झाडू हातात घेऊन त्याच्याकडे बघायची. पाचव्या दिवशी मला हळूच म्हणाली, “संध्याकाळचा ताप सकाळच्यापेक्षा कमी चढायला लागलाय, टीचर. आता उतरेल.” डॉक्टरांनी तेच दुसऱ्या दिवशी सांगितलं.

हे म्हणाले, “पोरगी हुशार आहे. तुझी विद्यार्थिनी का? चांगलं शिकवलंस हो.”

सोडायच्या दिवशी मी बिछाना गुंडाळत होते. हे खाली रिक्षात बसले होते. ती बादली घेऊन आली, दारात थांबली. रागाने नाही, रडवेली होऊन नाही — घरातली जुनी बातमी सांगावी तशी म्हणाली, “टीचर, एग्मोरच्या शाळेचा तो फॉर्म ऑफिसात मीच नेऊन दिला होता. वाटेत वाचला. एक शब्द अडला. दोन वर्षांनी एका घरी कामाला होते, तिथे डिक्शनरी होती, तिच्यात बघितला.” मग बादली दुसऱ्या हातात घेतली. “अप्पाला मी सांगितलं नाही. मागच्या वर्षी गेला तो. शेवटपर्यंत म्हणायचा, टीचरम्मांनी तर चांगलं लिहून दिलं होतं, आपलंच नशीब नव्हतं.”

आतून कुणीतरी आया म्हणून हाक मारली. “येते, टीचर,” म्हणून ती गेली.

मी तिच्यामागे गेले नाही. जिना उतरून रिक्षात बसले. ह्यांनी विचारलं, काही राहिलं का वर? मी म्हणाले, नाही.

ती मुलगी खरं बोलत होती. तो शब्द मी लिहिला तेव्हा मला ते ठाऊक होतं.